ब्रेक्झिट, गोव्याची ‘बिल्हेत’ आणि ओळखीचा प्रश्न : बाजार सोडून नेमकं काय हाती लागलं?

बार्देशकर :

ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडण्यावर, बोलताना आपण नेहमी 52 विरुद्ध 48 टक्क्यांपासून सुरू करतो. मला स्विंडनपासून सुरू करायचंय. इंग्लंडमधल्या या गावात गोवेकरांची मोठी वस्ती आहे, आणि 23 जून 2016 च्या सार्वमतात तिथे जवळपास 55 टक्के मतं युरोपीय महासंघ सोडण्याच्या बाजूने पडली.

एका घरातले दोन भाऊ कल्पना करून बघा. दोघांचा जन्म म्हापशाचा. थोरल्याने ‘बिल्हेत’ केली, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या कागदांवरून, आधी वडिलांची आणि मग स्वतःची जन्मनोंद लिस्बनला करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि युरोपीय नागरिक म्हणून स्विंडनला आला. धाकटा भारतीय पासपोर्टवर, व्हिसा काढून आला. सार्वमतात मत कोणाला? धाकट्याला! राष्ट्रकुलातला नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल तर त्याला मत होतं. युरोपीय नागरिकांपैकी मात्र फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाल्यांना. ज्याचा व्हिसा या निकालाने बदलणारच नव्हता त्याने मत दिलं, आणि ज्याचं तिथलं राहणंच पणाला लागलं होतं तो घरी बसून टीव्हीवर निकाल बघत होता.

‘आमचा देश कसा दिसावा हे आम्ही ठरवणार’ ही भावना मी खोटी मानत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यासाठी व्यापारी गटातून बाहेर पडणं हे चुकीचं औषध होतं. बाहेर पडून माणसं येणं थांबलं नाही. सार्वमताच्या सुमाराला निव्वळ स्थलांतर वर्षाला 3 लाखांच्या आसपास होतं, ते जून 2023 ला संपलेल्या वर्षात 9 लाखांच्या वर गेलं. येणारे बदलले, इतकंच. पोलंड, रुमानियाच्या जागी भारत आणि नायजेरिया. थांबला तो माल. यावर विरोधी बाजू मांडणाऱ्यांनी जरूर मांडावी.

सडेतोड :

मांडतो. तुम्ही सुरुवात स्विंडनपासून केलीत, मी बोस्टनपासून करतो. अमेरिकेतलं नव्हे, लिंकनशरमधलं. कोबी, फ्लॉवर, बटाट्याचा पट्टा. देशात सर्वांत जास्त, 75.6 टक्के मतं तिथे बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. का पडली हे समजून न घेता ‘औषध चुकलं’ म्हणणं म्हणजे रोग्याला न तपासताच निदान सांगणं.

1 मे 2004 ला पूर्व युरोपातले आठ देश महासंघात आले. नव्या देशांतल्या कामगारांना सात वर्षांपर्यंत अडवून ठेवायची मुभा जुन्या सदस्यांना होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती 2011 पर्यंत वापरली. पहिल्या दिवसापासून दार सताड उघडलं ते फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने. ब्रिटिश गृहखात्याने करून घेतलेल्या अभ्यासात अंदाज होता वर्षाला निव्वळ 5 ते 13 हजारांचा. 2011 च्या जनगणनेत एकट्या पोलंडमध्ये जन्मलेले 5 लाख 79 हजार लोक इंग्लंड-वेल्समध्ये निघाले. बोस्टनसारख्या छोट्या गावात याचा अर्थ काय होतो? शाळेत इंग्रजी न येणारी मुलं एकदम वाढतात, डॉक्टरची वेळ मिळत नाही, एका खोलीत सहा-सहा माणसं राहिल्याने भाडी चढतात. आणि शेतावरची मजुरी मुकादम ठरवतो. मुकादम हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण पद्धत तीच आहे: टोळी त्याची, गाडी त्याची, खोली त्याची आणि कापूनही तोच घेणार.

हे बदलायचा अधिकार मतदाराकडे होता का? नव्हता. मुक्त संचार, म्हणजे सदस्य देशांच्या नागरिकांनी महासंघात कुठेही राहणं-काम करणं, हा महासंघाच्या पायाचा नियम. फेब्रुवारी 2016 मध्ये डेव्हिड कॅमेरॉन ब्रसेल्सहून, म्हणजे महासंघाकडून, जे घेऊन आले त्यात येणाऱ्यांच्या संख्येवर काहीही मर्यादा नव्हती. नव्याने येणाऱ्या कामगारांचे सरकारी भत्ते काही वर्षं रोखण्याची सवलत, तीही सात वर्षांपुरती. स्थलांतर ‘काही दहा हजारांवर’ आणण्याचं वचन देऊन निवडून आलेला पंतप्रधान हे घेऊन लोकांपुढे गेला.

आता तुमच्या 9 लाखांबद्दल. तो आकडा वेस्टमिन्स्टरने, म्हणजे ब्रिटिश सरकार-संसदेने, स्वतः ओढवून घेतला, मान्य. फेब्रुवारी 2022 मध्ये वृद्धसेवेतल्या मदतनिसांना व्हिसा खुला केला, विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं थांबायची सोय आधीच केली होती. पण पुढे बघा. जानेवारी 2024 पासून संशोधन सोडून बाकीच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही. मार्चपासून मदतनिसांनाही नाही. एप्रिलमध्ये कुशल कामगाराच्या पगाराची अट 26,200 वरून 38,700 पौंड. जुलैमध्ये मतदारांनी ते सरकारच घालवलं. जुलै 2025 मध्ये नव्या सरकारने परदेशातून मदतनीस आणणंच बंद केलं. चूक झाली, दिसली, जबाबदार माणूस सापडला, हाकलला, नियम बदलला. याला मी स्वराज्य म्हणतो.

गोदीवाला :

सडेतोड, बोस्टनचं वर्णन पटलं, पण त्यातच तुमच्या बाजूचं भोक आहे. सात वर्षांची मुभा हातात असून ब्रिटनने वापरली नाही, हे तुम्हीच लिहिलंत. मुकादमांना चाप लावणारा कायदाही ब्रिटनचाच, 2004 चा, आणि त्याची अंमलबजावणी ढिली राहिली तर त्यात ब्रसेल्सचा काय संबंध? भाडी, डॉक्टर, शाळा हे सगळं तेव्हाही लंडनच्याच हातात होतं. शिवाय शेतातली कामं थांबली का? 2019 मध्ये 2,500 हंगामी व्हिसांनी सुरुवात झाली, 2021 मध्ये ते 30,000 झाले. आता नेपाळ, इंडोनेशिया, किरगिझस्तानहून मजूर येतात, सहा महिन्यांच्या बोलीवर. पोलंडचा माणूस मालकाशी पटलं नाही तर दुसरीकडे जाऊ शकत होता. याच्या मानेवर परवानाधारक दलालाचं जू.

पण माझा मुख्य मुद्दा मालाचा. ‘शून्य कर, शून्य कोटा’ असा ब्रिटन आणि महासंघाचा करार 30 डिसेंबर 2020 ला झाला, म्हणून अनेकांना वाटतं की व्यापार होता तसाच आहे. शून्य कर मिळतो तो फक्त ब्रिटनमध्ये ‘उत्पन्न’ झालेल्या मालाला. तिरुपूरचा टी-शर्ट ब्रिटनमध्ये कर भरून गोदामात आला, तिथून डब्लिनच्या गिऱ्हाइकाला पाठवला, की पुन्हा कर. कारण तो भारतीयच राहिला, ब्रिटिश झाला नाही. बासमतीचंही तेच. भारतातून बिनपॉलिशचा तांदूळ आणून ब्रिटनमध्ये सडायचा, म्हणजे पॉलिश करायचा, आणि युरोपला विकायचा हा गिरण्यांचा धंदा होता. नुसतं सडल्याने तांदळाचं मूळ बदलत नाही, म्हणून कर लागू.

प्राणिजन्य पदार्थ तर विचारूच नका. चीज, मांस, मासळी, काहीही असो, दर खेपेला निर्यात आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यावर अधिकृत पशुवैद्याची किंवा नेमलेल्या तपासनिसाची सही आणि शिक्का, तेही छपाईपेक्षा वेगळ्या रंगात. माल ज्या देशातून आत शिरणार आणि ज्या देशात जाणार, त्या दोन्हीकडे चालणाऱ्या भाषांत कागद हवा. आधी युरोपच्या संगणक प्रणालीवर सूचना, मग तपासणी नाक्यावरूनच प्रवेश. एका ट्रकमध्ये दहा छोट्या उत्पादकांचा माल असेल आणि एकाच्या कागदावर शिक्का चुकला, तर अख्खा ट्रक अडतो. ताज्या मासळीचा ट्रक एक दिवस अडला की भाव उतरलाच. म्हणून वाहतूकदार छोट्यांचा माल घेईनासे झाले. मोठी कंपनी पूर्ण ट्रक आणि स्वतंत्र कागदपत्रवाला बाळगू शकते. मरतो तो छोटा.

वेल्सच्या मेनाई सामुद्रधुनीतल्या मसल घ्या, म्हणजे आपल्याकडच्या शिणाण्या. तिथलं पाणी ‘ब’ वर्गातलं. म्हणजे शिंपला खाण्याआधी स्वच्छ, जंतुरहित समुद्रपाण्याच्या टाक्यांत साधारण 42 तास ठेवून निवळावा लागतो. पूर्वी जिवंत शिंपले तसेच हॉलंड-फ्रान्सला जायचे आणि हे निवळणं तिकडे व्हायचं. बाहेरच्या देशाकडून ‘ब’ वर्गातला न निवळलेला जिवंत शिंपला महासंघ घेत नाही. पाणी तेच, शिंपला तोच, खाणारा तोच. बदललं ते फक्त ब्रिटनचं महासंघाशी नातं. आता टाक्या बांधा म्हणावं, तर तो खर्च काढायला लागणारा माल कोण घेणार? निवळलेला शिंपला प्रवासात टिकतोही कमी.

सडेतोड :

शिंपल्यांचं उदाहरण जड आहे, नाकारत नाही. पण तो नियम ब्रसेल्सचा आहे. आरोग्याला धोका नसताना तो लावला जातो, हे तुम्हीच दाखवून दिलंत. शिक्षा देणारा राहिला बाजूला, दोष घर सोडणाऱ्याचा.

आणि कमावलेलं काहीच नाही म्हणता? 24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन करार झाला. महासंघात असताना ब्रिटनला स्वतःचा व्यापार करार करताच येत नव्हता. स्कॉच व्हिस्कीवरचा 150 टक्के भारतीय कर आधी 75 आणि दहा वर्षांत 40 वर येणार. ठरावीक काळासाठी तिकडे पाठवलेल्या आपल्या कर्मचाऱ्याला दोन्हीकडे सामाजिक सुरक्षेचे पैसे भरावे लागणार नाहीत. मराठी वाचकाने तरी हे नजरेआड करू नये.

आकडेमोड :

नजरेआड करू नये, पण तराजूतही घालावं. भारत करारातून दीर्घकाळात वर्षाला 4.8 अब्ज पौंडांची भर पडेल, असा ब्रिटिश सरकारचा स्वतःचा अंदाज आहे. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 0.1 टक्का. त्यांच्याच अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचं गृहीतक असं की महासंघात राहिले असते त्या मानाने उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्के कमी आणि आयात-निर्यात 15 टक्के कमी. एकाला चाळीस. हे अंदाज आहेत आणि चुकू शकतात, पण इतक्या फरकाने नाही.

‘बाहेर पडा’वाल्यांच्या प्रचाराच्या बसवर लिहिलेल्या, महासंघाला जाणाऱ्या ‘आठवड्याला 35 कोटी पौंड’ या घोषणेबद्दल कोणी बोललं नाही, बरं झालं. त्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केलेली नव्हती. सांख्यिकी प्राधिकरणाने तेव्हाच ती दिशाभूल ठरवली होती.

ओळखीवर मात्र मी सडेतोड यांच्याकडे थोडा झुकतो. दक्षिण आशियाई मूळ असलेल्या ब्रिटिश नागरिकांपैकीही अनेकांनी बाहेर पडायला मत दिलं, आणि त्यांची तक्रार रास्त होती. 2012 पासून ब्रिटिश नागरिकाला भारतातून बायको आणायची तर वर्षाला 18,600 पौंड कमाई दाखवावी लागे. शेजारच्या पोर्तुगीज नागरिकाला ती अट नव्हती. आपल्याच देशात आपण दुय्यम, असं वाटणारच. तेव्हाच्या ब्रिटिश मंत्री प्रीती पटेल यांनी मे 2016 मध्ये ‘करी हाउस वाचवा’ मोहीम याच नाराजीवर उभी केली: युरोपियनांचं दार बंद करा, म्हणजे बांगलादेश-भारतातून आचारी आणता येतील. पुढे काय झालं? जोडीदाराची अट एप्रिल 2024 मध्ये 29,000 पौंड झाली. आणि जुलै 2025 पासून कुशल व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम लागतं, त्यात आचारी बसत नाही. मत दिलं समानतेसाठी, समानता मिळाली ती अशी की दार दोघांनाही बंद.

आणि ‘राष्ट्राने ठरवलं’ म्हणताना कोणतं राष्ट्र, तेही सांगा. स्कॉटलंडने 62 टक्क्यांनी, उत्तर आयर्लंडने जवळपास 56 टक्क्यांनी ‘राहू या’ म्हटलं. शेवटी कस्टमची रेघ आली ती ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या मधल्या आयरिश समुद्रात, म्हणजे देशाच्या पोटातून. स्कॉटिश बियाण्याचा बटाटा उत्तर आयर्लंडच्या शेतात जाईनासा झाला. फेब्रुवारी 2023 च्या विंडसर चौकटीने, म्हणजे ब्रिटन आणि महासंघाच्या नव्या समझोत्याने, तो जायला लागला. पण ग्रेट ब्रिटनहून तिथल्या दुकानात आलेल्या दुधाच्या बाटलीवर ‘महासंघासाठी नाही’ असं छापावं लागतं. स्वतःला ब्रिटिश म्हणवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या लोकांच्या फ्रिजमध्ये ती बाटली आहे.

गोदीवाला :

मे 2025 चंही धरा. ब्रिटन आणि महासंघाने अन्न आणि वनस्पती-प्राणी आरोग्याचा करार करायचं ठरवलं. म्हणजे माझी ती सही-शिक्क्याची कटकट बरीचशी जाईल. बदल्यात ब्रिटनने महासंघाचे अन्ननियम जसे बदलतील तसे पाळायचे, आणि युरोपीय बोटींना 2038 पर्यंत ब्रिटिश समुद्रात मासेमारी करू द्यायची. नियम पाळायचे, पण ठरवताना मत नाही. जानेवारी 2020 पर्यंत मत होतं.

सडेतोड :

ही त्या सरकारची कच खाण्याची वृत्ती झाली, बाहेर पडण्याचा अपरिहार्य परिणाम नव्हे. आणि ते सरकारही मतदार बदलू शकतो. माझा मुद्दा तिथेच उभा आहे.

एक मात्र कबूल करतो. बार्देशकरांच्या थोरल्या भावाला मत नसणं मला खटकतं. संसदेच्या निवडणुकीची मतदारयादी सार्वमताला जवळपास जशीच्या तशी लावली. त्याचा निदान वेगळा विचार व्हायला हवा होता.

नियमावली :

वाद चालू दे. बिल्हेतचा उल्लेख आलाय, तर गोव्यातल्या वाचकांसाठी आजची स्थिती लिहून ठेवतो.

पोर्तुगीज पासपोर्ट आज मिळाला तरी त्यावर ब्रिटनमध्ये राहता किंवा काम करता येत नाही. 31 डिसेंबर 2020 पर्यंत जे तिथे राहायला गेले होते त्यांचाच हक्क टिकला, आणि त्यांनीही 30 जून 2021 च्या मुदतीत अर्ज करायचा होता. पाच वर्षं सलग वास्तव्य असेल तर कायम दर्जा, कमी असेल तर तात्पुरता. तात्पुरत्यावाल्याने पुन्हा अर्ज केला नाही म्हणून त्याचा हक्क आपोआप जात नाही, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये दिला. पण फार काळ गावी येऊन राहिलं तर वास्तव्याची अट पुरी होत नाही, आणि तिथेच बरेच जण अडकतात. नातं 31 डिसेंबर 2020 च्या आधीचं असेल तर जवळच्या कुटुंबीयाला अजूनही जाता येतं. त्यानंतर लग्न झालेल्या जोडीदाराला सर्वसाधारण व्हिसाचीच वाट.

नुसतं भेटायला जायचं तरी एप्रिल 2025 पासून पोर्तुगीज पासपोर्टवर आधी ऑनलाइन प्रवासपरवाना काढावा लागतो. त्यावर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, नोकरी चालत नाही.

या बाजूला, परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की 1955 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व संपतं, आणि जुना पासपोर्ट वापरत राहणं हा गुन्हा ठरतो. तेव्हा ‘आधी बिल्हेत, मग लंडन’ असं कोणी सांगून पैसे मागत असेल, तर लंडन त्यातून वजा करा. पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी, आयर्लंडला जायचं असेल तर ती वाट खुली आहे. फक्त आजोबांचं नाव जन्माच्या ‘तेओर’वर (म्हणजे जन्मनोंदीच्या नकलेवर), बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि लग्नाच्या कागदावर एकाच स्पेलिंगने आहे का, हे आधी बघा. ‘फ्रान्सिस्को’ आणि ‘फ्रान्सिस’ यांतल्या एवढ्याशा फरकावर फाइल अडते, आणि ती दुरुस्ती लिस्बनला नव्हे, इथे गोव्यातच करून घ्यावी लागते.