ऑपरेशनच्या आधी लसणाच्या कॅप्सुल? हा सल्ला दिला कुणी?

रामबागकरीण: आपल्या इंदूरच्या मराठी मैत्रिणींच्या ग्रुपवर काल एका ताईंनी लिहिलं: ब्रेस्ट सर्जरी करायची असेल तर महिनाभर आधी व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सुल आणि अश्वगंधा सुरू करा, घरी कुणाला सांगू नका, गुपचूप मुंबईला जाऊन या. खाली हार्टांचा पाऊस! अहो, व्हिटॅमिन ई, लसूण, फिश ऑइल यांनी रक्तस्राव वाढू शकतो म्हणून सर्जन ते साधारण २ आठवडे आधी बंदच करायला लावतात. ब्रुफेनचंही तेच. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. सिगारेट, तंबाखू, मिश्री किमान ४ आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांजवळची कातडी काळी पडते, कधी निप्पलही जातं. चाळिशी उलटली असेल तर आधी मॅमोग्राफी. आणि डॉक्टरांच्या पाटीवर नुसतं 'कॉस्मेटिक' नको, एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी बघा.

जुनाइंदूरी: मुळात हवंच कशाला हे? आमच्या आयांचं काही अडलं का? पैसा जास्त झालाय.

पलासियावाली: काका, अडलं होतं, सांगितलं नाही एवढंच. माझ्या खांद्यांत ब्राच्या पट्ट्यांनी खाचा पडल्या होत्या, उन्हाळ्यात खाली पुरळ, वर मानदुखी. रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करायचं ऑपरेशन, करून घेतलं. विमा कंपनी म्हणे हे सौंदर्यासाठी. तुम्ही आणि ती कंपनी, एकाच माळेचे मणी.

जुनाइंदूरी: रिडक्शनचं वेगळं. मी आकार वाढवायला आत घालतात त्या इम्प्लांटबद्दल बोलतोय.

पलासियावाली: आत्तापर्यंत वेगळं नव्हतं!

निवृत्तसिस्टर: भांडा खुशाल, पण सकाळी पोहे खाऊन येऊ नका. ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य गेलं माझं. पेशंटला विचारावं "काही खाल्लं?" तर "नाही, फक्त पोहे." भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं की संपलं. हलकं खाणं ६ तास आधी, तळलेलं ८ तास.

छप्पनचाभिया: पोहे हलकेच की! आपल्याकडे वाफेवर होतात.

निवृत्तसिस्टर: आणि वरची शेव? जिलबी? तीही वाफेवरची का?

छप्पनचाभिया: शेवेशिवाय पोहे पुण्यात खातात. बरं, चहा?

निवृत्तसिस्टर: दुधाचा नाही. साधं पाणी २ तास आधीपर्यंत बहुतेकदा चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ खरी. वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर आधीच सांगा, त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं. हल्ली बायका तीही लपवतात.

विजयनगरताई: कालची पोस्ट माझी. आयुर्वेदाचं नाव निघालं की सगळ्यांना पोटशूळ! आणि घरी सांगा म्हणता? आमच्याकडे मी केस कापले तरी चार दिवस बैठक भरते.

रामबागकरीण: घरी नका सांगू, तुमचा प्रश्न. भूल देणाऱ्याला तरी सांगा! घरापासून लपवायच्या सवयीने बाई डॉक्टरपासूनही लपवते, खरा धोका तिथे आहे. आणि इम्प्लांट घालून घेणार असाल तर कंपनी आणि नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या. २०१९ मध्ये ॲलर्गन या कंपनीने काही खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली, एका दुर्मिळ कॅन्सरशी संबंध निघाला म्हणून. कार्ड नसेल तर आपलं कुठलं हे कळणार कसं? शिवाय ती आयुष्यभराची नसतात, पुढे तपासण्या असतात. गुपचूप किती वर्षं जाल मुंबईला?

जुनाइंदूरी: मुंबईच कशाला पण? इंदुरात डॉक्टर मेलेत का? गुडघा दुखला, चला मुंबई. दात दुखला, चला मुंबई.

पलासियावाली: इथे वेटिंग रूममध्ये मावससासू भेटते, काका. म्हणून मुंबई.

विजयनगरताई: निदान हे एकीला कळलं. ठीक आहे, सगळ्या डब्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतते. कॅप्सुल आजपासून बंद, अश्वगंधेचं काय ते डॉक्टरच ठरवतील. पण घरी सांगणार नाही म्हणजे नाही.

निवृत्तसिस्टर: आणि पहिली रात्र सोबत कोण? एकटीला घरी सोडत नाहीत.

विजयनगरताई: देवासहून बहीण येतेय. झालं समाधान? की तिनेही पोहे खायचे नाहीत?