'प्रूफ' म्हणजे पुरावा नव्हे, सुनावणी!

शब्दखोर: कालच्या धाग्यावर एका वकीलसाहेबांनी ठोकून दिलंय : "स्कॉटलंडची 'स्कॉट्स' म्हणजे इंग्रजीचा गावंढळ उच्चार. तिथल्या कोर्टातला 'दोषी' आणि 'निर्दोष' यांच्या जोडीचा तिसरा, 'नॉट प्रोव्हन' हा भोंगळ निकालही 2025च्या कायद्याने मोडीत निघाला. आता त्या शब्दांचं लोणचं घाला." अहो, 'प्रोव्हन' हे रूपच स्कॉट्स! जुनं क्रियापद 'प्रीव्ह', त्याचं हे रूप. इंग्लंडात 'प्रूव्ह्ड' चालायचं. म्हणजे तुमच्या इंग्रज साहेबानेच ते गावंढळांकडून उचललं. शपथेला 'एथ', साक्ष देण्याला 'डिपोन', खोटी शपथ घेणारा 'मॅनस्वॉर्न'. यात उच्चार कुठे बिघडला?

निवृत्त वकील: लिहिणारा मीच. शब्द गोड असतील हो, निकालाचं काय? माणूस सुटतो, डाग राहतो. स्वतः शेरीफ, म्हणजे तिथला न्यायाधीश, असलेल्या कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या निकालाला अनौरस म्हटलंय.

शब्दखोर: स्कॉट लिहितो छान, पण इथे इतिहास बघा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यूरीने फक्त 'प्रोव्हन' की 'नॉट प्रोव्हन' एवढंच सांगायचं, दोषी कोण ते न्यायाधीश ठरवणार. 1728 साली फिनहेवनच्या कार्नेगीच्या हातून अर्ल ऑफ स्ट्रॅथमोर मेला. तलवार कार्नेगीचीच, वाद नव्हताच. 'प्रोव्हन' म्हटलं की फास. ज्यूरी अडून बसली आणि 'नॉट गिल्टी' म्हणाली. परत आणलेला पाहुणा 'नॉट गिल्टी', 'नॉट प्रोव्हन' नव्हे!

लीथकर: तुमचं चालू द्या, माझं ऐका. इथे स्कॉटलंडात घरमालकाशी भाडेठेवीवरून दावा होता. पत्र आलं, अमुक तारखेला 'प्रूफ'. मी आपला पावत्या, फोटो, ईमेल, सगळं फाइलीत लावून गेलो. तिकडे 'प्रूफ' म्हणजे साक्षी घेण्याची सुनावणीच! माझा एकमेव साक्षीदार त्या दिवशी मँचेस्टरला. शब्दकोश वाचला असता तर पैसे वाचले असते.

सासवडचे तात्या: पावत्या कशाला? आमच्या आजोबांनी सावकाराला एवढंच म्हटलं, "खंडोबाचा बेलभंडारा उचल आणि सांग, पैसे पोचले नाहीत." सावकाराचा हात भंडाऱ्याच्या ताटापर्यंत गेला, परत आला. मिटलं.

निवृत्त वकील: तात्या, ही भावनिक दमदाटी आहे.

तात्या: तुमच्या काळ्या कोटाची फी काय आहे मग?

शब्दखोर: तात्यांचं हसण्यावारी नेऊ नका. स्कॉटलंडातही दावेदार म्हणू शकायचा, "समोरच्याच्या शपथेवर सोडतो." त्याने शपथेवर नाकारलं की विषय संपला, दुसरा पुरावा नाही. हे 1995पर्यंत कायद्यात होतं. आपल्याकडे 1873च्या शपथ कायद्यातही जवळपास तेच. 1969च्या कायद्याने काढलं.

निवृत्त वकील: काढलं ना? दोन्हीकडे काढलं. का, ते तुम्हीच सांगा. निर्ढावलेला माणूस देवाला घाबरत नाही.

तात्या: आमचा सावकार घाबरला.

लीथकर: माझा घरमालक नसता घाबरला. आणि शपथ न्यायाधीश स्वतः देतात इथे, हात वर करून. तेव्हा माझेच पाय लटपटले.

शब्दखोर: वकीलसाहेब, एक राहिलं. 2024पर्यंत चाललेल्या आपल्या 1872च्या पुरावा कायद्याचं तिसरं कलम काढा. शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेलं. तीन! तिसरा डबा आपल्याकडेही होता, नव्या कायद्यातही आहे.

निवृत्त वकील: ते एखाद्या वस्तुस्थितीबद्दल आहे, आरोपीबद्दल नाही. फरक कळत नसेल तर शिकवणी लावा. 'प्रोव्हन' तेवढं स्कॉट्स, हे लिहून घ्या माझ्याकडून. बाकी नाशाबीत.

शब्दखोर: नाशाबीत, की शाबीत न झालेलं? नीट सांगा!