रोमकरांस 13 आणि राष्ट्रगीत

प्रश्न: बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. मग राष्ट्रगीत न गाणारी केरळची मुलं चुकली का?

उत्तर १: अधीन म्हणजे सगळंच ऐकणं नव्हे. त्याच अध्यायाच्या 7व्या वचनात अधिकाऱ्यांना काय द्यायचं ते आहे: कर, जकात, धाक, सन्मान. उपासना त्या यादीत नाही.

उत्तर २: येशूला कराबद्दल विचारलं तेव्हाचं उत्तर आठवा: दीनार या रोमी नाण्यावर मुखवटा (चेहरा) कैसराचा, म्हणजे सम्राटाचा, म्हणून नाणं त्याचं. माणसावर कोणाचा? उत्पत्ती 1:27 बघा: देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला.

उत्तर ३: ती मुलं ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातली. गीत चालू असताना उभी राहत, गात मात्र नसत. 1985 मध्ये शाळेतून काढलं, 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. बाकी बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या बिनदिक्कत गातात. आणि प्रेषितांची कृत्ये 5:29 (‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’) पुढे करणाऱ्यांनी 40वं वचनही वाचावं: प्रेषितांनी फटके खाल्ले. आयकर बुडवायला ते वचन चालत नाही!