मदत हवी आहे: काळा शिंजीर आणि काळा बोका, दोघांचेही फोटो बिघडतात

नमस्कार,

आम्ही चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. बाबांच्या (सासऱ्यांच्या) खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मला सध्या घर सोडता येत नाही. फोटो काढायचे ते मागच्या पडवीतून आणि परसातूनच. तिथेही पुष्कळ काही आहे: विहिरीच्या काठावर दयाळ, रातांब्याखाली पाला उचकणारे सातभाई, नारळावर खारी, केळीत भारद्वाज.

आत्ता मात्र सगळं लक्ष एका घरट्याकडे आहे. पडवीत कपडे वाळत घालायच्या तारेला सुंभाचा तुकडा लोंबत होता, त्याला जांभळ्या शिंजीराच्या (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) मादीने घरटं बांधलंय. गवताच्या काड्या, सालीचे कपटे, सुरवंटाची विष्ठा, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेलं. लांबून पाहिलं तर तारेला अडकलेला केरच वाटतो. बाजूला भोक आणि त्यावर पागोळीसारखं पुढे आलेलं छप्पर. सगळं बांधकाम तिनं एकटीनं केलं, नर जवळच्या जास्वंदीवर बसून ओरडत असायचा. आता ती बराच वेळ आत बसते, भोकातून चोच तेवढी दिसते, म्हणजे अंडी असावीत. बाबा खाटेवरून तिच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत लिहितात.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी या लेन्स. बाबांच्या खाटेशेजारची खिडकी पडवीत उघडते. तिला लोखंडी गज, काचेची तावदानं आणि डासांची जाळी आहे. तिथून घरटं सात-आठ फुटांवर.

अडचण अशी. नर उन्हात बसला की निळा-जांभळा झळकतो, पण माझ्या फोटोत तो नुसता काळा ठिपका येतो, मागे परस पांढरंफटक. काळ्या विषयासाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड) कमी करावं असं वाचलं होतं, तसं केलं तर तो आणखी काळा झाला. आमचा बोका बुक्का पूर्ण काळा आहे. त्याचा जवळून फोटो काढला की तो राखाडी, धुवट दिसतो, अंगावरची चमक कुठेच नसते. दोघेही काळे, मग एक जास्त काळा आणि दुसरा राखाडी का?

शिवाय काचेत खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतं. खिडकी उघडावी तर मादी उडून जाईल अशी भीती. घरट्याचे फोटो काढावेत की नाही, हेही स्पष्ट सांगा. काढू नयेत असं असेल तर मी थांबेन.

प्रतिसाद

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कॅमेऱ्याला विषय काळा आहे की पांढरा हे कळत नाही. चौकटीतला एकूण प्रकाश मधल्या राखाडी छटेवर आणायचा, एवढंच त्याचं काम. बुक्का चौकट भरून बसतो, तेव्हा कॅमेऱ्याला सगळं अंधारलेलं वाटतं आणि तो प्रकाश वाढवतो, म्हणून बोका राखाडी. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ च्या आसपास ठेवा. शिंजीर चौकटीत एवढासा आणि मागे उन्हातलं परस. तिथे कॅमेरा उजेडाला घाबरून सगळंच गडद करतो, म्हणून तिथे अधिक १ किंवा त्याहून थोडं जास्त लागेल. नियम विषयाच्या रंगाचा नाही, चौकटीत काय जास्त आहे त्याचा. १५००डीमध्ये स्पॉट मीटरिंग नाही, पण पार्शल मीटरिंग लावलंत तर उजेडाचं मोजमाप चौकटीच्या मधल्या छोट्या भागापुरतंच होईल. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या, सावलीतला तपशील नंतर बराच वर काढता येतो.

पण निव्वळ एक्स्पोजरने जांभळा रंग येणार नाही. शिंजीराची झळाळी पिसांमधल्या रंगद्रव्याची नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, त्यातून ती दिसते, आणि म्हणून ऊन कुठल्या कोनातून पडतंय यावर सगळं ठरतं. ऊन त्याच्या मागून असेल तर कितीही सेटिंग बदला, तो काळाच. ऊन तुमच्या पाठीशी हवं. सकाळी परसाच्या कुठल्या बाजूला ऊन असतं ते पाहा आणि तिथल्या केळफुलावर किंवा जास्वंदीवर लक्ष ठेवा. मध प्यायला तो ठरलेल्या फुलांवर पुन्हा पुन्हा येतो. लेन्स २५० मिमीवर असताना, बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचा शटर चालेल. फुलासमोर क्षणभर हवेत तरंगतो तेव्हा १/२००० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत निर्धास्त जा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र कामाचा नाही.

आणि घाई करा. विणीचा हंगाम संपला की नराचा हा पिसारा जातो. तो मादीसारखा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते.

प्रतिसाद

घरट्याबद्दल थोडं कडक लिहिते, राग मानू नका.

मादी अंड्यांवर असताना खिडकी उघडू नका, पडवीत स्टँड लावू नका, फ्लॅश तर अजिबात नाही. अंडी ती एकटीच उबवते, साधारण पंधरा-सतरा दिवस. ती बिचकून बाहेर राहिली तर अंडी गार पडतात. चांगला कोन मिळावा म्हणून सुंभ सरकवणं किंवा आडवी येणारी वेल छाटणं हेही नको. तुम्ही वारंवार तिथे गेलात की कावळ्याचं लक्ष जातं, आणि केळीतला तुमचा भारद्वाज घरटी लुटण्यात पटाईत असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटं यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच येतं.

बाबा वहीत लिहितात ते मला फोटोंपेक्षा मोलाचं वाटतं. पिल्लं बाहेर आल्यावर ती येण्याजाण्याची नोंद जपून ठेवा. तोपर्यंत कपडे दुसऱ्या तारेवर घाला आणि बुक्क्याला पडवीत येऊ देऊ नका. नुकतं उडायला लागलेलं पिल्लू मांजराला सहज सापडतं.

प्रतिसाद

काचेसाठी: खोलीतला दिवा बंद, काळा कपडा लेन्सभोवती धरून लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, आणि काचेला सरळ रोखा. तिरकं रोखलं तर चित्र मऊ पडतं. डासांची जाळी आड असेल तर फोटो धुरकट होणारच, ती दिवसा काढता आली तर बघा. दोन गजांच्या मधून लेन्स पुढे नेली की गज दिसत नाहीत.

बुक्क्याला खिडकीच्या कडेला बसवा, उजेड एका बाजूने येऊ दे. समोरून आला तर केसांची चमक मरते. खाली फिकट रंगाची गोधडी, शुभ्र चादर नको. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, फोकस डोळ्यावर.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घरट्याचे फोटो थांबवले. तार बदलली, बुक्का आता पुढच्या अंगणातच असतो. नराला केळफुलावर गाठायचं ठरवलंय. सकाळी साडेआठपर्यंत तिथे ऊन माझ्या पाठीमागून येतं.

एकच विचारायचं राहिलं. केळफूल न्हाणीघराच्या भिंतीपासून बारा-तेरा फुटांवर आहे, आणि त्या वेळी बाबांना सोडून तिथे उभं राहता येत नाही. १५००डीमध्ये वायफाय आहे. कॅमेरा आधीच फुलावर फोकस करून ठेवला आणि बाबांच्या खोलीतून मोबाइलवर बटण दाबलं, तर फोटो वेळेत निघतो का, की पक्षी निघून गेल्यावर? कुणी शिंजीरावर हे करून पाहिलं असेल तर सांगा.