पहिला सोपा रूट: तुमचे अनुभव लिहा

लिंगाणा, तैलबैला, कोकणकडा यांच्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. पण ज्या बारा-पंधरा मीटरच्या कातळावर आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा दोर स्वतः वर नेला, त्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. नव्या माणसाला खरा उपयोग मात्र त्याचाच आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. बोल्ट (कातळात पक्के बसवलेले खिळे, ज्यांना दोर अडकवतात) मारलेला छोटा, सोपा रूट, म्हणजे चढाईची वाट, कुठला होता, कुठे अडलात, खालच्या माणसाने काय केलं, ते लिहा. ग्रेड (चढाईच्या अवघडपणाचा दर्जा) कमी आहे म्हणून संकोच नको.

सुरुवात मी करते. मावळातला एक कातळ, दिवाळीनंतरचे दिवस. टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या दोरावर, तो रूट आधी झालेला होता, होल्ड (हातापायांच्या पकडी) पाठ होते. लीडला, म्हणजे दोर स्वतः वर नेत, निघाले आणि तोच कातळ परका वाटायला लागला, कारण आता दोर वरून येत नव्हता, माझ्या मागून खालून येत होता. दुसऱ्या बोल्टच्या वर पाऊल मावेल एवढी लेज, म्हणजे कातळातली पायरी, आहे. तिथून तिसरा बोल्ट डोक्याच्याही वर दिसतो. हात ताणून क्विकड्रॉपर्यंत (बोल्टला लावलेली, दोर अडकवायची कड्यांची पट्टी) पोचता येत होतं, पण दंड भरून आले होते. बिलेवरचा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, दादा खालून म्हणाला, "घाई नको. आधी पाय वर घे, बोल्ट छातीशी येऊ दे." उजव्या पायाला बोटभर खाच मिळाली, उभी राहिले, आणि दोर खट्‌कन कॅराबिनरमध्ये (क्विकड्रॉच्या कडीत) बसला. डोक्यावर क्लिप करायला गेलं की दोर जास्त उपसावा लागतो. त्याच क्षणी पाय सुटला तर तेवढा सगळा दोर पडण्यात जातो. सोप्या रूटवर हे शांतपणे शिकता येतं, म्हणून तो मोलाचा.

सोलापूरहून:
आमच्यासाठी बदामी जवळची, गदगच्या गाडीने थेट जाता येतं. चालुक्यांनी सहाव्या शतकात ज्या लाल वालुकाश्मात लेणी कोरली, त्याच दगडाचे कडे गावाभोवती आहेत. (लेणी आणि देवळांच्या भिंतींना हात लावायचा नाही, हे सांगायला नको.) आडव्या खाचा इतक्या छान मिळतात की नवा माणूस नुसता हातांनी ओढत वर जातो आणि अर्ध्यात दमतो. मला शिकवणाऱ्या ताईंनी पहिला अख्खा दिवस पायांवरच घेतला. बूट ठेवायच्या आधी जागा बघ, ठेवल्यावर हलवू नकोस, टाच खाली सोड. दुसऱ्या दिवशी तोच रूट निम्म्या ताकदीत झाला. रात्री पाऊस झाला असेल तर मात्र दगड पूर्ण सुकेपर्यंत थांबा. ओला वालुकाश्म कमजोर होतो, होल्ड तुटून हातात येतो. आणि खाऊची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं टपलेली असतात.

डोंबिवलीहून:
मी मुलीमुळे यात आलो. स्वतः फार चढत नाही, बिले करतो, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. पहिला बोल्ट क्लिप होईपर्यंत दोराचा उपयोग नसतो, तोवर दोन्ही हात वर धरून तिच्या मागे उभा राहतो. मग भिंतीजवळच राहायचं. लांब उभं राहिलं आणि झटका बसला, तर बिलेअर भिंतीकडे फरफटत जातो. ब्रेकचा हात दोरावरून कधीच सुटत नाही, ग्रिग्री (झटक्याला दोर आपोआप अडवणारं बिलेचं डिव्हाइस) असलं तरी. निघायच्या आधी तिची फिगर एटची गाठ मी बघतो, माझं डिव्हाइस आणि लॉक ती बघते. घाईत असलो तरी हे टाळत नाही. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारतो. रूट छोटा असला तरी मारतो, कारण खाली उतरवताना टोक डिव्हाइसमधून निसटलं की चढणारा थेट जमिनीवर येतो.

परवा ती चौथ्या बोल्टच्या वर होती आणि दोर तिच्या पोटरीमागून गेला होता. "डावा पाय दोराच्या आतून काढ" एवढंच म्हणालो. तशीच पडली असती तर उलटी झाली असती. मान वर करून बघत राहणं हेच माझं काम आहे, आणि ते मला फार आवडतं.

जिनिव्हाहून:
इथून शामोनी जवळ. तिथल्या गायाँच्या कड्यावर सोपे रूट भरपूर आहेत, समोर छोटं तळं आणि पलीकडे माँ ब्लांचा बर्फ. सुट्टीच्या दिवशी साठी उलटलेल्या बायका आणि शाळकरी पोरं शेजारशेजारच्या दोरांवर दिसतात. फ्रेंच ग्रेडचा ४ किंवा ५ए चढणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि मला तेच भावलं. आपल्याकडे पोरं टॉप रोपवर दोनदा गेली की लगेच ६ए मागतात. सोप्या ग्रेडवर हिंडत राहण्यातलं सुख त्यांना मिळायला हवं.

नाशिकहून:
आपल्या बेसाल्टबद्दल दोन गोष्टी. लाव्हाचे थर एकावर एक असल्याने लेजेस मिळतात, पण सुटे दगडही तितकेच. होल्डवर ओढायच्या आधी तळव्याने थोपटा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीत हे जास्तच. बिलेअरलाही हेल्मेट हवंच, दगड त्याच्याच डोक्यावर येतो. दुसरं, आग्या मोहोळ. कड्याच्या पोटाखाली काळे पट्टे लटकताना दिसले तर त्या बाजूचा रूट त्या दिवशी नाही. धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

पुण्याहून (शिकवतो, त्यामुळे थोडं लांबतंय):
वर पोचल्यावरचं कुणी लिहिलं नाही, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. अँकरला पोचलं की माणूस खूश असतो, दमलेला असतो. तिथे दोन बोल्ट आणि रिंग असतात. तुम्ही स्लिंगने (मजबूत पट्टीने) स्वतःला बांधता आणि दोर रिंगमधून ओवायला घेता. खालच्याला वाटतं, हा आता रॅपल करून, म्हणजे स्वतःच दोरावरून उतरून, येणार. तो बिले काढतो. वरच्याला वाटतं, मला लोअर करणार, म्हणजे खालून दोर सोडत उतरवणार. तो मागे झुकतो. जगभर अनुभवी माणसंही यात गेली आहेत. त्यामुळे लोअर की रॅपल हे जमिनीवर असतानाच ठरवा. वर गेल्यावर नाव घेऊन हाक मारा. स्लिंग सोडण्याआधी दोरावर वजन टाकून बघा, दोर ताणला गेला तरच सोडा. मी नव्यांना हे आधी जमिनीलगत, छातीच्या उंचीवरच्या अँकरवर, डोळे मिटूनही जमेपर्यंत करायला लावतो.

ठाण्याहून:
सर, माझा मुलगा सात वर्षांचा आहे, चढायचं म्हणतो. साधा कमरेचा हार्नेस (दोर बांधायचा पट्टा) चालेल का?

पुण्याहून:
ताई, एवढ्या लहान मुलांची कंबर भरलेली नसते; उलटं झाल्यास कमरेचा हार्नेस निसटू शकतो. फुल बॉडी हार्नेस घ्या, मापाचं हेल्मेट घ्या, आणि फक्त टॉप रोप. तो म्हणेल "खाली", तेव्हा लगेच खाली घ्या. "अजून एक पाऊल" असा आग्रह करू नका.