छोटा जनरेटर ट्रेलरला जोडला की ‘अर्थिंग नाही’ असा इशारा येतो. काय करावे?

प्रश्न : मुक्कामी

नमस्कार. आम्ही डेन्व्हरला राहतो आणि यंदा एक जुना कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला आहे. त्याची जोडणी ३० अँपिअर, १२० व्होल्टची असून छतावर १३,५०० बीटीयूचा एसी आहे. जुलैमध्ये आधी युटातील मोॲबजवळ आणि नंतर कोलोरॅडोतील लेडव्हिलच्या वरच्या जंगलात, विजेची सोय नसलेल्या जागी, मुक्काम करण्याचा बेत असल्याने २,२०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर आणला. जनरेटरच्या सॉकेटमध्ये १५ अँपिअरवरून ३० अँपिअरवर नेणारा ॲडॉप्टर, पुढे सर्ज प्रोटेक्टर (सदोष वीज ट्रेलरपर्यंत जाऊ न देणारे उपकरण) आणि मग ट्रेलरची केबल अशी जोडणी केली, तर प्रोटेक्टर अर्थिंग तुटल्याचा इशारा देऊन वीज पुढे सोडतच नाही. हीच जोडणी घराच्या सॉकेटवर मात्र बिनतक्रार चालते. दुकानातल्या माणसाने प्रोटेक्टर काढून टाकण्याचा सल्ला दिला, तर सध्या पुण्याहून आलेले माझे वडील म्हणतात की जमिनीत तांब्याची सळई ठोकून जनरेटरला अर्थिंग द्यावे. यांपैकी योग्य काय? आणि या जनरेटरवर एसी चालेल का?

प्रतिसाद : तारतम्य

तुमचा प्रोटेक्टर बिघडलेला नाही, तो त्याचे काम चोख करतो आहे. त्यामुळे तो काढू नका. घराच्या वीजपुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थिंग मुख्य पॅनेलपाशी एकमेकांना जोडलेले असतात. ट्रेलरच्या पॅनेलमध्ये मात्र ते मुद्दाम वेगळे ठेवतात, कारण ही जोडणी वीज जिथून येते त्या एकाच ठिकाणी असावी असा नियम आहे. बहुतेक छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो, म्हणजे तो तरंगता असतो. मल्टिमीटर लावून पाहा : फेज आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट दिसतील, पण फेज ते अर्थिंग आणि न्यूट्रल ते अर्थिंग असे दोन्हीकडे साधारण ६० व्होल्ट दिसतील. प्रोटेक्टरला हेच खटकते.

वडिलांचा सल्ला आपल्याकडच्या अनुभवातून आलेला आहे, पण इथे सळईने प्रश्न सुटणार नाही. समजा, एसीच्या आतली फेजची तार सुटून ट्रेलरच्या पत्र्याला टेकली. अशा वेळी ब्रेकर पडण्यासाठी प्रवाहाला जनरेटरच्या न्यूट्रलपर्यंत परत जाण्याची सरळ, कमी अवरोधाची वाट हवी असते, आणि माती ही तशी वाट नव्हे. केबलमधली अर्थिंगची तार जनरेटरपाशी न्यूट्रलला मिळालेली असेल, तरच ती वाट तयार होते. केवळ केबलने जोडलेली उपकरणे चालवणाऱ्या छोट्या जनरेटरला सळई लावण्याची सक्ती अमेरिकेच्या वीजसंहितेतही नाही.

यावरचा उपाय म्हणजे न्यूट्रल-अर्थ बाँडिंग प्लग. हा तीन पिनांचा साधा प्लग असतो, त्याच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेले असतात, आणि तो जनरेटरच्या दुसऱ्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायचा असतो. मात्र आधी जनरेटरची पुस्तिका वाचा. ज्या जनरेटरमध्ये ही जोडणी कारखान्यातच केलेली असते (जीएफसीआय, म्हणजे प्रवाह गळू लागताच वीज तोडणारे, सॉकेट असलेले अनेक जनरेटर असेच असतात), त्यांना हा प्लग लावू नये. कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरील सॉकेटवर किंवा घराच्या सॉकेटवर तर तो चुकूनही लावायचा नाही. न्यूट्रल आणि अर्थिंग दोन ठिकाणी जोडले गेले की रोजचा प्रवाहच अर्थिंगच्या तारेतून वाहू लागतो. प्लगवर ‘फक्त जनरेटरसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि तो जनरेटरच्या दांड्यालाच बांधून ठेवा.

प्रतिसाद : घाटवाट

एसीविषयी सांगतो. ॲडॉप्टरमुळे प्लग बसतो, वीज वाढत नाही. २,२०० वॉट हा आकडा क्षणभराचा आहे. असे जनरेटर सलग १,८०० वॉट देतात, म्हणजे १२० व्होल्टवर १५ अँपिअर. ट्रेलरची क्षमता ३० अँपिअर, म्हणजे ३,६०० वॉट. तुमच्याकडे त्याच्या निम्मी वीज आहे, आणि तीही समुद्रसपाटीवर. हवा विरळ झाली की दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्के ताकद घटते. मोॲब सुमारे ४,००० फुटांवर आहे, तिथे १,५५० वॉटच्या आसपास हाती राहतील. एसी सुरू झाल्यावर जवळपास तितकेच घेतो आणि सुरू होतानाच्या झटक्याला त्याहून कितीतरी अधिक, त्यामुळे सॉफ्ट स्टार्टर (तो झटका कमी करणारे उपकरण) बसवल्याशिवाय त्याची आशा धरू नका. स्टार्टर बसवला तरी फ्रीज आणि पाण्याचा हीटर गॅसवर टाकावा लागेल, आणि इंडक्शन शेगडी तर घरीच ठेवावी. एसी सुरू करताना जनरेटरचा इको मोडही बंद ठेवा; तो कमी फेऱ्यांवर असताना अचानक भार आला की बसतो. लेडव्हिल १०,००० फुटांच्या वर आहे, तिथे १,२०० वॉट मिळाले तरी पुष्कळ. पण तिथल्या जुलैतल्या रात्री इतक्या गार असतात की तुम्ही एसी नव्हे, फर्नेस (ट्रेलर ऊबदार ठेवणारी भट्टी) लावाल. तिथे जनरेटर लागेल तो दिवसा बॅटरी चार्ज करण्यापुरता, आणि त्याला तो पुरून उरेल.

जोडताना आधी ट्रेलरचा मुख्य ब्रेकर बंद करा, जनरेटर सुरू करून स्थिर होऊ द्या, मग केबल लावा आणि ब्रेकर एकेक करून चढवा. बंद करताना क्रम उलटा.

प्रतिसाद : रानवारा

वायरिंगच्या नादात धुराकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून लिहिते, कारण माझ्या मते जनरेटरचा खरा धोका तोच आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागते, मळमळते, आणि झोपेत असाल तर तेवढेही कळत नाही. जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट दूर, वारा ट्रेलरकडून जिकडे वाहतो त्या बाजूला आणि धुराचे तोंड ट्रेलरपासून फिरवून ठेवावा. छत्रीखाली, पुढे आलेल्या छपराखाली किंवा ओढणाऱ्या ट्रकच्या हौद्यात ठेवून तो चालवू नये, आणि झोपण्यापूर्वी बंद करावा. वारा फिरला की जागा बदला. शेजाऱ्याचा जनरेटर तुमच्या खिडकीसमोर असेल, तर संकोच न करता त्यांना सांगा.

ट्रेलर जुना आहे, तेव्हा आतल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मच्या मागची तारीख वाचा. चाचणीचे बटण दाबल्यावर तो वाजतो म्हणून आतला सेन्सर शाबूत आहे असे समजू नये. बहुतेकांचे आयुष्य पाच ते सात वर्षांचे असते. पेट्रोल भरायचे ते इंजिन बंद करून, गार झाल्यावरच.

मोॲबजवळ आर्चेस राष्ट्रीय उद्यानात राहणार असाल, तर जनरेटरच्या ठरलेल्या वेळा असतात आणि ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा अधिक आवाज चालत नाही. जंगल खात्याच्या जमिनीवर धुराड्याला ठिणगीरोधक जाळी असावी लागते.

मुक्कामी

सर्वांचे आभार. मल्टिमीटरवर दोन्हीकडे ६० व्होल्टच दिसले. पुस्तिकेत न्यूट्रल तरंगता असल्याचे लिहिले आहे, म्हणून बाँडिंग प्लग लावला. आता फेज ते अर्थिंग १२० आणि न्यूट्रल ते अर्थिंग शून्य येते आणि प्रोटेक्टर वीज सोडतो. अलार्मची तारीख केव्हाच उलटून गेली होती, नवा मागवला आहे. एकच शंका उरते : ट्रेलरची केबल २५ फुटांची आहे आणि २० फूट अंतर ठेवले की ती ताणली जाते. बागेतली नारिंगी एक्स्टेन्शन मध्ये लावली तर चालेल का?

तारतम्य

ती बहुधा १६ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक), एसीच्या भाराला ती तापेल. ३० अँपिअरची, १० गेजची एक्स्टेन्शन घ्या आणि ती ट्रेलरची केबल व प्रोटेक्टर यांच्यामध्ये लावा, म्हणजे ॲडॉप्टर जनरेटरपाशीच राहील. वेटोळे पूर्ण सोडून ठेवा. अर्धा तास पूर्ण भार चालल्यावर प्रत्येक जोडावर हात ठेवून पाहा; कोमट लागला तर चालेल, पण चटका बसत असेल किंवा पिना काळवंडल्या असतील, तर तो जोड तेव्हाच बदला.