काढा, फांट, हिम, अंगरस: शब्दांमागची कृती

प्रश्न: औषधी वनस्पतींविषयीच्या संशोधनपर लेखांचा मी मराठीत अनुवाद करतो. ‘काढा’ हा शब्द ‘काढणे’ या क्रियापदावरून आला असावा, म्हणजे वनस्पतीतून जे काढले तो काढा, असे मी आजवर समजत आलो. हे बरोबर आहे का? आणि क्वाथ, कषाय, फांट, अर्क, सत्त्व हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर वाचकाचे काही बिघडते का?

उत्तर: आधी व्युत्पत्ती पाहू. आपण रस काढतो, तेल काढतो, तेव्हा काढाही काढलेलाच असणार, हा समज स्वाभाविक आहे. पण या दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत. ‘काढणे’च्या मागे संस्कृत ‘कृष्’, म्हणजे ओढणे, आणि त्यापासून आलेला प्राकृत ‘कड्ढ’ हा धातू आहे. ‘काढा’च्या मागे मात्र ‘क्वथ्’, म्हणजे उकळणे, हा धातू आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात लिहिलेल्या आपल्या प्राकृत व्याकरणात ‘क्वथ्’ आणि ‘वर्ध्’ यांच्या अंत्य व्यंजनाचा ‘ढ’ होतो, असे एक सूत्रच दिले आहे. त्या वाटेने मराठीत ‘कढणे’ आणि ‘वाढणे’ ही क्रियापदे आली आणि ‘क्वाथ’चा ‘काढा’ झाला. म्हणजे क्वाथ आणि काढा हा मुळात एकच शब्द आहे. एक पोथीत राहिला आणि दुसरा बोलण्यात झिजत चुलीपर्यंत आला.

हे कुळ आपल्या स्वयंपाकघरात चांगले नांदते आहे. कढत पाणी, कढी, मुगाचे कढण, तूप कढवणे आणि मनात दाटून येणारा दुःखाचा कढ, ही सगळी त्याच घरची भावंडे आहेत. ‘कढई’ तेवढी त्यांतली नव्हे. ती संस्कृत ‘कटाह’पासून आली आहे आणि तिच्यात पदार्थ कढतात म्हणून ती नात्यातली वाटते, इतकेच.

व्युत्पत्तीचा हा खटाटोप एवढ्यासाठी की तिच्यातून वापराची कसोटी हाती लागते: जे कढले नाही, त्याला काढा म्हणू नये. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथाच्या मध्यमखंडात क्वाथाची कृती नेमकी दिली आहे. एक पल कुटलेल्या द्रव्यात सोळापट पाणी घालावे, मातीच्या भांड्यात उकळावे आणि आठवा भाग उरला की घ्यावे. पल ४८ ग्रॅमचे धरले तर ७६८ मिलिलिटर पाण्याचे ९६ मिलिलिटर उरते. जुन्या मराठी वैद्यकग्रंथांतला ‘अष्टमांश काढा’ तो हाच. येथे महत्त्वाचे क्रियापद ‘उकळणे’ नसून ‘आटवणे’ आहे. माझी आजी काढा ठेवताना पातेल्यात आधी दोन वाट्या पाणी ओतत असे, त्यात एक सरळ काडी उभी धरून पाणी जिथवर आले तिथे नखाने खूण करत असे, आणि मगच भरड व उरलेल्या चौदा वाट्या पाणी घालत असे. मधूनमधून पातेले उतरवून ती काडी बुडवून पाही. पाणी खुणेला टेकले की काढा झाला. तिने संहिता वाचलेली नव्हती, पण अष्टमांश तिच्या काडीवर होता.

‘कषाय’ या शब्दाबाबत अधिक सावधपणा हवा, कारण त्याचे अर्थ बरेच आहेत. सहा रसांच्या, म्हणजे चवींच्या, यादीत कषाय म्हणजे तुरट. रंगाच्या संदर्भात त्यापासून ‘काषाय वस्त्र’ होते. जैन वाचकाला कषाय म्हटले की क्रोध, मान, माया, लोभ हे चार विकार आठवतील. वैद्यकात मात्र कषाय हे एका औषधाचे नाव असण्याआधी औषधे तयार करण्याच्या मूळ पद्धतींचे सामान्यनाम आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटून केलेला लगदा), शृत, शीत आणि फांट अशा पाच कषायकल्पना, म्हणजे औषध करण्याच्या कृती, सांगितल्या आहेत. त्यातला ‘शृत’ म्हणजे उकळलेला, तो आपला काढा. त्याच अध्यायात लवण सोडून उरलेले पाच रस हे कषायांचे उगम मानले असल्यामुळे मधुरकषाय, अम्लकषाय अशा नावांबरोबर ‘कषायकषाय’ असाही शब्द येतो. पहिला कषाय चवीचा, दुसरा कृतीचा. एका अनुवादात मी याचे ‘अतिशय तुरट काढा’ असे भाषांतर वाचले आहे, आणि अशा वेळी अनुवादकापेक्षा आपण परिभाषा नीट लावून न दिल्याचे वाईट वाटते. शार्ङ्गधर क्वाथाच्या पर्यायांत कषाय हा शब्द देतोच, त्यामुळे काढ्याला कषाय म्हणणे चूक नाही. पण प्रत्येक कषायाला काढा म्हणणे चूक आहे.

फांट आणि हिम हे दोन शब्द मराठीत जवळपास विस्मृतीत गेले आहेत, कृती मात्र रोजच्या आहेत. फांट म्हणजे कुटलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतून, थोडे थांबून गाळून घेतलेले पेय. हिम, म्हणजेच चरकाच्या यादीतला ‘शीत’, हे सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलेले. उन्हाळ्यात रात्री धणे भिजत घालून सकाळी ते पाणी खडीसाखर टाकून आपण पितो, तो धान्यक हिम. फांट या शब्दाची तर पाणिनीनेही दखल घेतली आहे. ‘क्षुब्धस्वान्त’ या सूत्रात (७.२.१८) त्याने ‘फाण्ट’ हे रूप ‘अनायास’ या अर्थाने सिद्ध मानले आहे, आणि टीकाकारांनी तेथे न शिजवता, न वाटता, विनासायास तयार झालेल्या कषायाचे उदाहरण दिले आहे. पाणी ओतले की झाले, असा तो शब्द आहे. गवती चहा किंवा पुदिना यांसारख्या सुवासिक पानांना हीच कृती मानवते, कारण त्यांचे उडनशील तेल खळखळ उकळताना वाफेबरोबर निघून जाते. गवती चहा पातेल्यात टाकल्यावर लगेच झाकण ठेवणाऱ्या घरांना ‘फांट’ हा शब्द माहीत नसेल, पण त्याचे तत्त्व माहीत आहे.

या दृष्टीने २०२० सालचे उदाहरण बोलके आहे. करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक भाग अशा मिश्रणाची शिफारस केली आणि त्याला ‘आयुष क्वाथ’ असे नाव दिले. घेण्याची रीत मात्र अशी होती की तीन ग्रॅम भुकटी उकळलेल्या १५० मिलिलिटर पाण्यात घालून चहासारखी प्यावी. येथे आटवणे कोठेच नाही, म्हणून शब्दाच्या कसोटीवर हा फांट ठरतो. घराघरांत मात्र लोकांनी नावातल्या ‘क्वाथ’ला जागून तो पाव होईपर्यंत आटवला. शब्द चुकला की कृती बदलते आणि कृती बदलली की पेल्यात उतरणारे द्रव्यही बदलते.

स्वरसासाठी मराठीत ‘अंगरस’ हा फार सुंदर शब्द आहे: पाण्याचा थेंब न घालता वनस्पतीच्या अंगचा पिळून घेतलेला रस. आल्याचा, तुळशीचा अंगरस सहज निघतो. अडुळशाची पाने मात्र नुसती ठेचली तर फडक्याला हिरवा डाग पडण्यापलीकडे फारसे काही हाती येत नाही. म्हणून ती गुंडाळून, शेकून मऊ केल्यावर पिळतात, आणि या पुटपाकालाही शार्ङ्गधर स्वरसाच्याच प्रकरणात बसवतो. याच अडुळशातल्या ‘व्हॅसिसिन’ या अल्कलॉइडच्या रचनेवरून पुढे ‘ब्रोमहेक्झिन’ हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. अशा संशोधनाविषयी लिहिताना तरी अंगरस कोणता आणि काढा कोणता, हे वेगळे ठेवलेच पाहिजे.

आता अनुवादात खरी अडचण करणारे दोन शब्द. ‘सत्त्व’ हा शब्द सार या अर्थाने सैलपणे वापरला जातो, परंतु ‘गुळवेल सत्त्व’ ही ठरलेली वस्तू आहे. ओल्या गुळवेलीचे तुकडे ठेचून पाण्यात कुसकरतात, पाणी गाळून स्थिर ठेवतात, वरचे पाणी ओतून देतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. नाचणीचे सत्त्व जसे करतात तसेच हे. तो मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च असतो आणि पाण्यात विरघळणारी द्रव्ये बहुतांशी ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात. म्हणून एखाद्या प्रयोगात गुळवेलीचा मद्यार्कात काढलेला भाग वापरला असेल आणि अनुवादात ‘सत्त्व’ आले, तर वाचक दुकानातून भलतीच पुडी घेऊन येईल. ‘अर्क’ हा शब्द औषधाच्या अर्थाने अरबी ‘अरक’, म्हणजे घाम, यावरून आला आहे. भांड्याच्या झाकणाला वाफ घामासारखी जमते, तिचे थेंब टिपून घेतलेला तो अर्क. ओव्याचा अर्क हा असा ऊर्ध्वपातनाने मिळतो. (संस्कृत ‘अर्क’ म्हणजे सूर्य आणि रुईचे झाड, हे वेगळे.) आज प्रयोगशाळेतल्या एक्स्ट्रॅक्टला सगळे अर्क म्हणतात आणि ते आता मागे फिरेल असे मला वाटत नाही. ‘निष्कर्ष’ हा पर्याय सुचवला जातो, पण ज्या लेखाच्या शेवटी ‘निष्कर्ष’ असे उपशीर्षक असते, तेथे तो निव्वळ गोंधळ घालेल. माझे मत असे की ‘अर्क’ लिहावे, पण एकटे कधीच लिहू नये: ‘थंड पाण्यातला अर्क’, ‘इथेनॉलमधला अर्क’, ‘ऊर्ध्वपातित अर्क’ असे द्रावक आणि उष्णता सांगूनच लिहावे.

हा काटेकोरपणा किती मोलाचा आहे, याचे सर्वांत मोठे उदाहरण चीनमधले आहे. हिवतापावर औषध शोधताना चिनी संशोधक तू योयो यांना ‘छिंगहाव’ या वनस्पतीपासून मिळणारे परिणाम एकसारखे येत नव्हते. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यावा, असे लिहिलेले त्यांनी पुन्हा वाचले, आणि तेथे उकळण्याचा उल्लेख नाही हे त्यांच्या ध्यानात आले. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. त्यातून पुढे आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ चे नोबेल पारितोषिकही. आपल्या भाषेत सांगायचे तर त्या ओळीत क्वाथ नव्हता, हिम आणि स्वरस यांच्या जवळची कृती होती. कोणा अनुवादकाने तेथे ‘काढा’ लिहिला असता तर त्या वाक्यातली वाट बंद झाली असती.

उपप्रश्न: बाळगुटी चरकाच्या पाच कषायकल्पनांत कोठे बसते? आणि दुकानात बाटलीत मिळणारा काढा हा काढाच का?

उत्तर: सहाणेवर मातेच्या दुधात हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, अतिविष एकेक करून उगाळले जाते, ते कल्काच्या जवळचे आहे, कारण द्रव्य गाळून टाकलेले नसते, त्याचा बारीक अंश पोटात जातो. तिचे मोजमाप वजनाने होत नाही. ‘हिरड्याचे दोन वेढे, जायफळाचा अर्धा’ असे सहाणेवरच्या फेऱ्यांनी होते. हा ‘वेढा’ मापाचा शब्द म्हणून कोशांत ठळकपणे नोंदवला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाटलीतल्या काढ्याचे म्हणाल तर खरा क्वाथ त्याच दिवशी घ्यायचा असतो, तो टिकत नाही. टिकावा म्हणून त्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुले घालून तो आंबवला, तर तो अरिष्टाच्या वर्गात जातो. क्वाथापासून आंबवलेले ते अरिष्ट आणि न उकळता केलेले ते आसव, हा फरक शार्ङ्गधरानेच सांगितला आहे. लेबलावर ‘स्वजनित मद्यार्क’ असे बारीक अक्षरांत छापलेले दिसले, तर आत काय आहे ते त्या दोन शब्दांवरून ओळखावे, वरच्या ठळक ‘काढा’वरून नव्हे.